आजी, आत जा

पडद्यावरच्या म्हातारीने स्वयंपाकघराच्या दारातून नुसती मान बाहेर काढली आणि मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिले. म्हातारी म्हणजे कुणी नटीच होती, केस पांढरे रंगवलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिचा आणि माझा संबंध काय? पण ती मान माझ्या ओळखीची होती. अंग सगळं आत, पाऊलही उंबऱ्याच्या आतच, आणि मान तेवढी बाहेर, "किती झाले रे?" असं विचारणारी. तिने विचारायला आणि जाहिरातीतल्या टीव्हीवर विकेट पडायला एकच गाठ पडली. सोफ्यावरचं कुटुंब एका सुरात ओरडलं, "आत जा!" मग मुलाने तिच्यासाठी आत स्टूल नेऊन ठेवलं, सुनेने हातात पाण्याची बाटली दिली, नातवाने बाहेरून कडी लावली, आणि म्हातारीने डब्यांच्या रांगेला मोबाइल टेकवून त्यावर मॅच लावली. खाली अक्षरं आली, 'आत बसा, पण एकही बॉल चुकवू नका.' मागे पिपाणी वाजली आणि संपलं. एवढीशी गोष्ट. मी मात्र खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. आमच्या घरातलं कपाट कुणीतरी भर रस्त्यात आणून उघडं ठेवलं होतं.

आमच्या ऑफिसच्या या खोलीत 'जाहिरात तुला कशी वाटली?' असं कुणी कुणाला विचारत नाही. आम्हाला काय वाटतं याला कुत्रंही विचारत नाही, आणि ते बरंच आहे. लोकांना काय वाटलं तेवढं हवं असतं, तेही गरमागरम, पुढचा ब्रेक लागायच्या आत. मॅच चालू असते, मधे जाहिरात लागते, आणि घरोघरी सोफ्यावर पाय पसरून बसलेली माणसं फोनवर काहीबाही लिहीत सुटतात. कुणी जाहिरातीवर हसतं, कुणी शिव्या घालतं, कुणी नुसतंच 'आता बास' म्हणतं. हे सगळं आमच्या पडद्यांवर पाण्यासारखं वाहत येतं आणि यंत्र ते चार रकान्यांत वाटतं. हसू, राग, हळहळ, कंटाळा. यंत्र बिचारं हुशार आहे, पण भोळं. 'वा, काय डोकं चालवलंय' असं कुणी लिहिलं की ते खूश होऊन कौतुक समजतं. त्याला जे कळत नाही ते माझ्याकडे येतं. माझ्या डाव्या हाताला एक वेगळा रकाना आहे, शंकेचा. त्यात पोस्ट आली की मी वाचायची आणि बोट दाबून तिला तिच्या घरी पाठवायची. "माणसाचा टोमणा ओळखायला अजून माणूसच लागतो," असं आमचा कॅप्टन मला नोकरीवर घेताना म्हणाला होता. कॅप्टन म्हणजे आमच्या खोलीचा मुख्य. खऱ्या आयुष्यात त्याने गल्लीतसुद्धा कधी बॅट धरलेली नाही. आणि आमच्या खोलीचा एक नियम आहे. वाचणाऱ्याला जाहिरात आधी दाखवायची नाही. नजर कोरी हवी. मीही लोकांबरोबरच, पहिल्यांदाच बघायची. या कोऱ्या नजरेचा मला केवढा अभिमान होता! आज दादाने त्याच नजरेत बोट घातलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाहिराती लिहितो. आम्ही दोघं एकाच धंद्याच्या दोन टोकांना बसतो, तो डाळ शिजत घालतो आणि मी लोकांच्या तोंडाकडे बघून मीठ कमी की जास्त ते सांगते. एकमेकांच्या कामाबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं, आणि तो ते पाळतोही. फक्त आज सकाळी त्याचा फोन आला होता. "आज ब्रेकला डोळे उघडे ठेव. आत्यासाठी सरप्राइज आहे. मी सगळ्यांना घरी बोलावलंय, माझे मित्र, हिच्या माहेरचे, सगळे. आत्याला एकदम पुढे बसवणार, सोफ्यावर, मधोमध." त्याच्या आवाजात लहानपणचा तो होता, पाठीमागे काहीतरी लपवून 'ओळख काय' म्हणणारा. मला वाटलं, आत्याला, बाबांच्या थोरल्या बहिणीला, फोन घेऊन दिला असेल नवीन. मी म्हटलं, "बरं बाबा, बघते." आता जाहिरात बघितल्यावर मला कळत होतं की हे सरप्राइज तो खरंच प्रेमाने करतोय. तेच तर वाईट. रागावता यावं असं त्यात काही सापडत नव्हतं.

पडद्यावर हसण्याचा नुसता पूर आला होता. 'ही तर आमची काकू!' 'आमच्याकडे बाबांना गच्चीवर पाठवतात.' 'माझ्या सासूला दाखवतो आत्ता.' काचेच्या पलीकडे ब्रँडवाला उभा होता, मोबाइल कंपनीचा माणूस, हातात कॉफीचा कप तसाच धरून. त्याच्याकडे आज दोन जाहिराती होत्या. ही आणि एक राखीव, कसलीशी शांत, संथ. हिच्यावर लोक हसले तर शेवटपर्यंत प्रत्येक ब्रेकला हीच लागणार, बक्षीस समारंभापर्यंत. नाही हसले तर ही उचलून राखीव लावायची. कॅप्टन माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सुटलीय बघ! शंकेत काय पडतंय?" मी म्हटलं, "फार काही नाही." आणि तेवढ्यात त्यात ती पोस्ट पडली.

अंगठ्याचा फोटो. आत्याचं खातं मीच उघडून दिलं होतं. फोटो काढताना तिचा स्वतःचा अंगठा आला, तो तिने बदलू दिला नाही. "राहू दे गं, माझाच आहे ना," म्हणाली. त्या अंगठ्याशेजारी लिहिलं होतं, 'आमच्याकडे पण असंच होतं. मी आत बसायचे. आपण जिंकायचो.' आणि शेवटी एक हसरा चेहरा, तो पिवळा, गोल. यंत्राने तिला हसू आणि हळहळ यांच्या मधोमध टांगून माझ्याकडे सोडून दिलं होतं. घे, तुझी तू ठरव.

मी हजारो अनोळखी माणसांच्या मनात रोज हात घालते. कोण खरं हसतंय, कोण दात ओठ खातंय, मला दोन शब्दांत कळतं. आणि जिच्या कडेवर मी वाढले त्या बाईच्या तीन वाक्यांवर माझं बोट थिजलं. ती हसत होती का? दादाच्या सोफ्यावर मधोमध बसून, सगळ्यांच्या नजरा आपल्या तोंडाकडे लागलेल्या असताना, हसण्यावाचून ती करणार तरी काय होती?

हे सुरू झालं ते कपबशांच्या ट्रेपासून. तेव्हा आमच्याकडे पहिला टीव्ही आला होता. आत्या चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि आमचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू त्रिफळाचित झाला. बाबा गमतीने म्हणाले, "आलीस का घालवायला!" सगळे हसले, आत्याही हसली. पुन्हा एकदा तसं झालं. मग तिसऱ्यांदा. मग ते गंमत राहिलं नाही, तो घरातला कायदा झाला. मॅच अटीतटीची झाली की बाबा तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "ताई, जरा आत..." आणि वाक्य पुरं होण्याआधी ती उठलेली असायची. वाईट याचं की खेळ तिलाच सगळ्यांत आवडायचा. बाबांना नुसते चौकार-षटकार दिसायचे. आत्याला क्षेत्ररक्षक कुठे सरकला तेही दिसायचं. म्हणजे दिसलं असतं. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नुसता आवाज ऐकायची आणि मी तिची टपालवाली होते. काही झालं की मी बाहेरच्या खोलीतून आत पळायची. "आत्या, फोर!" "आत्या, गेला!" पुढेपुढे मला बोलावंही लागेना. मी दारात आले की ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "रनआउट ना?" एका खोलीत लोकांना काय वाटलं ते दुसऱ्या खोलीत नेऊन पोचवायचं, हा माझा धंदा तेव्हापासूनचा. फक्त उलटं कधी केलं नाही. आतल्या खोलीत काय वाटतंय ते बाहेर येऊन कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि मला तरी ते कुठे माहीत होतं.

एकदा आम्ही मोठी मॅच जिंकलो. शेवटच्या बॉलवर. बाबांनी दादाला खांद्यावर घेतलं, आई नाचली, शेजारचे आले, आम्ही सगळे जिना उतरून रस्त्यात गेलो आणि कितीतरी वेळ ओरडत होतो. घसा बसल्यावर पाणी प्यायला मी वर आले, तर आत्या स्टुलावर तशीच, दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून. "संपली का गं?" तिने विचारलं. तिला बरोबर घ्यायचंच आम्ही विसरलो होतो, टपालसुद्धा पोचवलं नव्हतं. मी म्हटलं, "जिंकलो!" ती म्हणाली, "मग झालं तर," आणि उठून कुकरची शिटी काढून धुवायला लागली. पाठमोरी. तिचं तोंड मला दिसलं नाही. तो चेहरा मी तेव्हापासून शोधतेय असं म्हटलं तर ते नाटकी होईल, पण आज, त्या अंगठ्याकडे बघताना, मला तो चेहरा हवा होता. अगदी आत्ता हवा होता.

शंकेच्या रकान्यात पोस्ट फार वेळ ठेवता येत नाही. मागे ओळ साचते आणि कॅप्टन घसा खाकरतो. त्याने खाकरला. मी हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं, तिनेच टाकलाय ना तो, आणि बोट दाबलं. हसू. माझी सख्खी आत्या मी हसूत टाकली आणि पुढची पोस्ट वाचायला घेतली.

पुढच्याच ओव्हरला आमची एक विकेट पडली, आणि लगेच दुसरी. सरळ चाललेली मॅच एकदम कलंडली. खोलीतल्या लोकांची बोटं जागच्या जागी थांबली. आमच्या पडद्यावरही क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं, मग शिव्यांचा पाऊस. त्यात कुठल्यातरी टवाळाला आत्याची पोस्ट सापडली. त्याने खाली विचारलं, 'आजी, तुम्ही आत्ता कुठे बसलाय?' आत्याला कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं एवढंच कळतं. खोटं बोलायला तिला जमत नाही, आणि फोनवर तर ते तिला अपमानकारक वाटतं. तिने लिहिलं, 'आज बाहेर बसले आहे. पुतण्याने बसवलं.' झालं! आगीत तेल. 'तरीच!' 'अरे आजींना कुणीतरी आत न्या!' 'आजी, हात जोडतो, आत जा.' कुणी जाहिरातीतलं म्हातारीचं चित्र कापून त्याखाली लिहिलं, 'आजी, आत जा.' मग नुसतं तेच. आजी आत जा, आजी आत जा. एकाने लिहिलं, दहांनी उचललं, बघता बघता आमच्या पडद्यावर खालपासून वरपर्यंत तीन शब्द. यंत्राला काहीच अडचण नव्हती. ते सगळं भराभरा हसूत टाकत होतं. आणि खरंच, कुणाच्याही मनात वाकडं नव्हतं. माणसं मजेत होती. एवढी माणसं एवढ्या निर्मळ मनाने हसताना मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

मी मात्र हसू शकत नव्हते. कारण मला जे माहीत होतं ते दादाला माहीत नव्हतं. आईने ते फक्त मला सांगितलं होतं, मी लग्नाला नाही म्हणत होते तेव्हा, धाक म्हणून की धीर म्हणून कोण जाणे. आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली ती उगाच नव्हे. तिचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत तिच्या नवऱ्याचं दुकान बसलं. दुकान आधीपासूनच डबघाईला आलेलं होतं, हे गावभर माहीत होतं. पण घरात म्हणायला लागले की हिचा पायगुण. ती समोर आली की गिऱ्हाईक परत जातं. आधी तिला दुकानात यायला बंदी केली, मग पुढच्या खोलीत, मग गिऱ्हाइकाच्या वेळी तिने आतल्या खोलीत दार लावून बसायचं. एक दिवस बाबा तिला भेटायला गेले आणि त्यांनी ती तशी बसलेली बघितली. आई सांगायची, बाबा आयुष्यात एकदाच कुणाच्या अंगावर धावून गेले, ते त्या दिवशी. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला," ते त्या लोकांना म्हणाले, "माझ्या बहिणीच्या पायात काही नाही, तुमच्या डोक्यात काही नाही." आणि तिला पिशवीसकट घेऊन आले. हे करणारे बाबा तेच, 'ताई, जरा आत...' म्हणणारे. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. तो खेळ होता ना! खेळात चालतं.

"ही कोण बाई आहे, शोधा," ब्रँडवाला काचेचं दार ढकलून आत आला. त्याच्या कपातली कॉफी आता सांडत होती. "हे विकत घेऊन मिळत नाही. आपल्या खात्यावरून तिला उत्तर द्या. आजी, टीमसाठी प्लीज आत जा, आतल्या मॅचचं आम्ही बघतो. असं काहीतरी." कॅप्टनने मान डोलावली. मी उभी राहिले. मला वाटलं होतं आवाज नीट येईल. तो चिरका आला. "नका टाकू ते. ती माझी आत्या आहे." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कॅप्टनच्या चेहऱ्यावर एक मोठं, प्रामाणिक आश्चर्य पसरलं. "काय सांगतेस! खरंच?" आणि मग, "मग सोपंच झालं की. फोन लाव ना. एक छोटासा व्हिडिओ करून देतील का त्या? आत जाताना?"

मी त्याला काय सांगणार होते? पायगुण? दुकान? तळवे गुडघ्यांवर दाबलेली बाई? हे सांगायला घर लागतं, वेळ लागतो. आणि इथे शेवटच्या ओव्हरी चालल्या होत्या. मी म्हटलं, "तिला आवडणार नाही." ब्रँडवाल्याने पडद्याकडे बोट केलं. "पण त्यांनी स्वतःच लिहिलंय. हसतायत त्या." मी बघितलं. अंगठ्याखालचा पिवळा गोल चेहरा, आणि त्याच्या शेजारी रकान्याचं नाव. तिथे तिला मीच पाठवलं होतं. ब्रँडवाला परत गेला आणि थोड्याच वेळात कंपनीच्या खात्यावरून ती ओळ सुटली. पुढच्या ब्रेकला पुन्हा ती मान, पुन्हा ती कडी. राखीव जाहिरातीचं नावही कुणी काढलं नाही.

मी हेडफोनवरूनच दादाला फोन लावला. तिकडे नुसता कल्ला. "अगं बघतेयस ना! आत्या स्टार झाली स्टार!" तो ओरडत होता. "माझा बॉस फोन करतोय, सगळे फोन करतायत!" मी म्हटलं, "दादा, हे थांबव. तिला त्रास होत असेल." "कसला त्रास? मघापासून हसतेय ती. सगळे तिला चिडवतायत, ती हसतेय. तू पण ना, कुठेही सुतकी चेहरा घेऊन बसतेस. विचार हवं तर तिलाच. आत्या! ए आत्या! अरे, होती की इथेच... आत गेली असेल बघ, चहाचं बघायला." आणि मग कुणाला तरी, "बॉल बघ, बॉल बघ!" आणि फोन त्याने तसाच ठेवून दिला.

चहाचं बघायला. मी ते स्वतःशीच म्हटलं. मला इतकी वर्षं कळलं नव्हतं की माणूस एवढ्या गार आवाजातही घाबरू शकतो, आणि तो आवाज माझाच होता. मी आत्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिचं ते दबकं, कुजबुजतं "हॅलो", देवळात फोन घ्यावा तसं.

"आत्या, कुठेयस?"

"हळू बोल गं. आत आहे." मागे फ्रिजची घरघर ऐकू येत होती. "एवढे लोक म्हणायला लागले बाई. कोण कुठली पोरं, हात जोडतायत. त्या कंपनीनेपण लिहिलंय, वाचलंस का? टीमसाठी म्हणून. मी आले आत, आणि लगेच दोन चौकार बसले, तू बघितलंस ना?"

"आत्या, तू बाहेर जा."

"काहीतरीच काय! आत्ता? सहा बॉल राहिलेत."

"म्हणूनच जा. पुढे जाऊन बस, सोफ्यावर. तुझ्यामुळे काहीही होत नाही. कधीच काही झालेलं नाही. सगळं थोतांड आहे ते."

तिने कुठल्याशा डब्याचं झाकण लावलं. मग नेहमीच्याच आवाजात, काडीचा राग न धरता, म्हणाली, "तुझा बाबापण अगदी असंच म्हणाला होता हो, मला तिकडून घेऊन येताना. अख्ख्या वाटेत तेच. ताई, थोतांड आहे सगळं. मग पुढे आपल्याकडे टीव्ही आला." आणि हसली. खरंच हसली, मला ऐकू आलं. त्या हसण्याला माझ्याकडे रकाना नव्हता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की तो कुणाकडेच नसेल.

समोरच्या पडद्यावर मॅच, शेजारच्या पडद्यावर लोक. मैदानात बसलेल्या लोकांच्या पोस्ट टीव्हीच्या चित्राआधी येतात. चित्राला आकाशातून फिरून यायला वेळ लागतो, माणसाच्या बोटाला लागत नाही. त्यामुळे आमच्या खोलीत शेवटच्या ओव्हरला कुणी मॅच बघतच नाही, सगळे मैदानातल्या पोस्टकडे टक लावून बसतात. मी मुद्दाम तोंड फिरवलं. मला काही आधी कळायला नको होतं. "आत्या," मी म्हटलं, "ठमी म्हणतेस ना मला? तुझ्या ठमीसाठी ऊठ. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग. दादा ओरडला तर फोन त्याच्या कानाला लाव, मी बघते त्याला. पण दार उघड आणि एकदा तरी शेवटचा बॉल डोळ्यांनी बघ. तुला बघायचा नाहीये का?"

फ्रिजची घरघर थांबली. बाहेरच्या खोलीतून गलका आला, एक धाव निघाली असावी.

"बघायचाय गं," आत्या म्हणाली.

तिच्या तोंडून 'मला हवंय' अशा अर्थाचं काही मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. "मग ऊठ," मी म्हटलं, "ऊठ ना गं." स्टूल फरशीवर सरकल्याचा आवाज आला. तिच्या गुडघ्याचा 'अगं आई गं' आला. पावलं आली, सपातांची, घासत जाणारी. मी नुसती म्हणत होते, "जा, जा, जा." शेवटचा बॉल होता. चौकार बसला तर आपली मॅच. गोलंदाज टीव्हीवर अजून पळायलाही लागला नव्हता, आणि माझी मान, नको नको म्हणत असताना, सवयीने शेजारच्या पडद्याकडे वळली. मैदानातल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'गेला.' दुसऱ्याने, 'संपलं सगळं.' मग खालपासून वरपर्यंत तेच यायला लागलं.

टीव्हीवर गोलंदाज पळत येत होता. सगळ्या घरांत अजून आशा होती, दादाच्या घरातही. आणि आत्या दारापाशी होती. ती दार उघडणार, मान बाहेर काढणार, आणि त्याच क्षणी दादाच्या टीव्हीवर विकेट पडणार. सोफ्यावरची सगळी तोंडं मागे वळणार. कुणी काही बोलणारही नाही कदाचित. नुसती वळणार. ती तोंडं मला इथून दिसली.

"थांब," मी म्हटलं.

"काय गं?"

"थांब आत्या. उघडू नकोस. बाहेर जाऊ नकोस." आणि मग मीच म्हटलं, माझ्याच तोंडाने, "आतच थांब."

"बरं," ती लगेच म्हणाली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पलीकडून, बंद दारातून, तो आवाज आला. खोलीभर माणसांचा एकदम सुटलेला श्वास, मग कुणाची तरी शिवी, मग दादाचं "अरे यार!" मग काही नाही. माझ्या आजूबाजूला कॅप्टन आणि बाकीचे कपाळाला हात लावून बसले होते; काचेपलीकडे ब्रँडवाला मात्र फोनवर बोलत होता.

"गेली ना?" आत्याने विचारलं.

"हो."

"मी दारापाशी आले होते. कडीला हात लागला होता माझा."

"आत्या, त्याचा काहीएक संबंध नाही. तुला थांब म्हणायच्या आधीच तो... ऐक ना, मैदानात ते आधीच होऊन गेलेलं असतं, आपल्याला उशिरा दिसतं, ते—"

"उठायलाच नको होतं मी," ती म्हणाली. माझं तिला ऐकूच येत नव्हतं. "बसले होते तोवर कसं छान चाललं होतं. पण तू थांबवलंस ते बरं केलंस हो ठमे. दार उघडलं असतं तर काय झालं असतं! दादाला तोंड कसं दाखवलं असतं? बाकी कुणाला नाही, तुला बरोबर कळलं. लहानपणापासून तुलाच कळतं माझं." आणि मग, एकदम घाईने, "ठेवते आता. फोनवरच्या त्या सगळ्यांना कळवायला हवं, वाट बघत असतील बिचारे."

मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर उचलेना. तिला दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. एका बोटाने एकेक अक्षर शोधत ती लिहीत बसली असणार, डब्यांसमोर उभी राहून. मी शंकेच्या रकान्याकडे बघत राहिले. हरल्याचा राग, हरल्याची हळहळ, पंचाला शिव्या, आणि त्यातून वर आला तो अंगठा. 'सर्वांची माफी मागते. मी मधेच उठले. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.' पुढे तोच हसरा चेहरा, या वेळी तीनदा. खाली लगेच माणसं जमली. 'काय हे आजी!' 'आजींना माफ करा रे.' 'पुढच्या वेळी बाहेरून कुलूप लावा.' सगळे हसत होते, प्रेमाने हसत होते, हरलेली मॅच विसरून हसत होते.

मी बटणांवरून हात उचलले, मांडीवर ठेवले आणि मला रडू फुटलं. आवरता येईना असं, आवाज होऊन फुटलं, सगळ्या खोलीसमोर. कॅप्टन धावत आला. माणूस वाईट नाही तो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "अगं, असं काय करतेस?" तो म्हणाला. "मॅचच होती ती. पुढच्या वर्षी जिंकू." आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.